भरमारीची पावती

२१ सप्टेंबर, शनिवार
उपास. जप ११ माळा.
निवडणूक लागली. दुपारी पोलीस पाटील सांगून गेला, बंदुका लवकर ठाण्यात जमा करा. दर निवडणुकीला हेच. इकडे कपाशी बोंडावर येते, रानडुकरं उतरतात आणि तिकडे बंदुका ठाण्यात जातात.
दादाला सांगायला धुऱ्यावर, आमच्या दोन वावरांमधल्या बांधावर गेलो. म्हणाला, "इलेक्शन माणसाईचं, अन् कैद बंदुकीले? वा रे वा." एकटाच हसला.
मी गेल्या हंगामापासून त्याच्याशी हसत नाही. का, ते त्याला माहीत नाही. विचारतही नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार
घाटंजी. ठाण्यात गर्दी. तालुक्यातले सगळे बंदूकवाले, प्रत्येकाच्या हातात गुंडाळलेलं काहीतरी. दादानं भरमार बाबांच्या जुन्या धोतरात गुंडाळून आणली होती. एसटीत सीटवर ठेवली, स्वतः उभा राहिला.
हवालदारानं दोन पावत्या केल्या. एकनळी, एक नग. ठासणीची भरमार, एक नग. दोन्ही माझ्या नावावर.
दादा: "माहं नाव कुठं हाय त्याच्यात?"
मी लायसनवरची ओळ दाखवली. 'सोबत वापरणारा' म्हणून त्याचं नाव आहे, फक्त भरमारीपुढे. त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. बोट एक ओळ खाली होतं. मी सांगितलं नाही.
बाबा गेले तेव्हा वारसाचे फॉर्म मी भरले, सह्या मी केल्या, म्हणून दोन्ही बंदुका माझ्याकडे. दादा दुसरीतून शाळा सोडून गुरांमागे गेला होता. घरात एकानं शिकावं, एकानं गुरं पाहावीत असं ठरलं. तो दहा वर्षांचा, मी सहाचा. ठरवलं त्यानंच.

८ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा
शस्त्रपूजेला शस्त्र नाही. पाटावर विळा, कोयता, वखराची पास, मध्ये रिकामी जागा. दादा म्हणाला, "पावती हाय न. तेच मांड."
भरमारीची पावती मांडली. दादानं आंघोळीच्या ओल्या हातानं कुंकू लावलं, नंबर अर्धा फिसकटला. देवका वहिनी ओरडली, "अवो, सरकारी कागद हाय तो!" दादा म्हणाला, "आता देवाचा झाला."
ती पावती त्यानं आपल्या देव्हाऱ्यात मारुतीच्या तसबिरीमागे ठेवली. एकनळीची माझ्या ट्रंकेत.
सोनं देताना मी पाया पडायच्या आधी तोच माझ्यापुढे वाकला. मोठा असून. त्याला मी लहानपणापासून सांगत आलो, असं करू नये.

३० ऑक्टोबर, बुधवार
दिवाळीतही पाऊस. फुटलेली बोंडं झाडावरच काळी पडली. वेचायला हात लावला तर सरकीला कोंब.
निकाल लागून आठवडा होत आला. बंदुका सोडायचा आदेश वरून आला नाही म्हणतात. डुकरं दोन्ही वावरांत सारखीच. दादाचं जितकं खाल्लं तितकंच माझं. यंदा बरोबरी आहे.
एरवी नसते. हे इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे बोलता येत नाही. दादाचं वावर जंगलाकडून, माझं गावाकडून. मध्ये धुरा. दादा भरमारीत बारूद ठासून बार काढतो. तिचा आवाज एवढा की टेकडी परत बोलते. डुकरं बिथरतात आणि धुरा ओलांडून माझ्याकडे येतात. माझ्या एकनळीचा आवाज त्यांना फटाक्यासारखा. गेल्या हंगामात माझी पऱ्हाटी अशीच गेली. दादानं एकही डुक्कर कधी मारलं नाही, मीही नाही. आम्ही फक्त एकमेकांकडे पाठवतो.
त्याला हे कळत नाही. सकाळी माझ्या वावरात येऊन उकरलेलं पाहून हळहळतो. "काहून रे गजा, तुह्याच वावरात काहून घुसतेत?" असं विचारतो.

१७ नोव्हेंबर, रविवार
घाटंजीला हॉटेलात बंदूकवाल्यांची बैठक. देशमुखांनी बोलावली. त्यांच्याकडे तीन बंदुका, शेती बटाईनं दिलेली. पेपरात आलं आहे, दिल्लीला कायदा बदलणार, एका माणसाला तीनऐवजी एकच बंदूक. देशमुख तापले होते. खासदाराला अर्ज द्यायचा, सगळ्यांच्या सह्या.
मी सही केली. दादा अंगठा द्यायला पुढे झाला तर देशमुख म्हणाले, "तुमचं काय काम? लायसन भावाचं. वापरणारे तिकडं बाकड्यावर बसा."
सगळे हसले. एकजण म्हणाला, "भरमार म्हणजे काय बंदूक व्हय का देशमुख साहेब? पाइप हाय, पाइप."
दादाही हसला. "पाइप त पाइप. पण तुमच्या बंदुकीले डुक्कर ओयखत नाही, माह्या पाइपले ओयखते."
बाकड्यावर जाऊन बसला. मी जागचा हललो नाही. कपात चहा होता.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
लोकसभेत आज मांडलं. मोबाईलवर आलं. शस्त्र दुरुस्ती विधेयक. एका लायसनवर एक.
संध्याकाळभर तेच डोक्यात. एक म्हणजे कोणती.

३० नोव्हेंबर, शनिवार
उपास. पेपर आला. ओसरीवर बसून वाचत होतो, दादा आला. चपला काढून खाली बसला. मी खुर्चीवर.
"काय म्हणते दिल्ली?"
वाचून दाखवलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "विधेयक म्हणजे काय रे? कायदाच न?"
विधेयक म्हणजे नुसतं मांडलेलं. त्यावर बोलणं होतं, बदल होतात, मतं पडतात, दुसऱ्या सभागृहात जातं, मग राष्ट्रपतीची सही. सातवीच्या नागरिकशास्त्रात होतं. मला अजून पाठ आहे. गुरुजींनी मला उभं करून म्हणवून घेतलं होतं आणि शाब्बास म्हटलं होतं. त्या दिवशी घरी येऊन दादालाही म्हणून दाखवलं होतं, तो गोठ्यात शेण काढत होता.
मी म्हणालो, "हो. कायदाच."
"झाला म्हंतं?"
"झाला."
तो थोडा वेळ चपलेशी खेळला. "मंग एक द्या लागंन." आणि जाताना, "कोणती द्यायची ते तू ठरव. तुले समजते."
जप झाला नाही. मणी हातात घेतले आणि ठेवून दिले.

२ डिसेंबर, सोमवार
ठाण्यात गेलो. दादा सोबत आला, भरमार न्यायला धोतर घेऊन. मीच आत येऊ नको म्हणालो, तो बाहेर लिंबाखाली बसला. त्याला वाटत होतं मी एकनळी देईन. जुनी, बाबांच्या हातची कोण देतं.
आत हवालदार म्हणाला, "दोन्ही सुटल्या आहेत. घेऊन जा."
मी म्हणालो, एकच नेतो. दुसरी सरकारजमा करायची आहे. अर्ज आणला होता, घरीच लिहिलेला.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. "अजून कायदा नाही झाला काका. काहून घाई करून राह्यले? थांबा न. लोकं तं तीन-तीन घेऊन चालले."
"आज ना उद्या होणारच."
"तुमची मर्जी. पावती?"
भरमारीची पावती नव्हती. देव्हाऱ्यात. म्हणालो घरी राहिली. तो म्हणाला, "मंग अर्ज राहू द्या इथं. पावती आणून दिली का पुढं पाठवतो. तंवर फळीवर पडून राहीन."
एकनळी घेऊन बाहेर आलो. दादा उठून उभा राहिला, धोतर दोन्ही हातांवर पसरून, जसं बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहतात. माझ्या हातात एकच पाहिली. मग मागे दाराकडे पाहिलं, कोणी दुसरी घेऊन येतंय का.
मी म्हणालो, "जुनी चालत नाही आता. नवीन ठेवा म्हणतात."
हेही मीच म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं.
एसटीत धोतराची घडी मांडीवर. वाघाडी नदीचा पूल आल्यावर एकदाच बोलला, "काय करतेत तिचं?"
"वितळवतात."
"असं."

४ डिसेंबर, बुधवार
काल दिवेलागणीला एकनळीचे दोन बार काढले. सकाळी जाऊन पाहिलं. माझ्या वावरात एक खूर नाही. धुऱ्यापासून पलीकडे सगळी माती वरखाली. दादाचा हरभरा बोटभर आला होता, तीन तासं, ओळीच्या ओळी, उपटून पडली आहेत.
समोरून बार नाही म्हटल्यावर फटाकाही पुरतो.
माझी बायको सुमन धुऱ्यावर उभी राहून पाहत होती. म्हणाली, "आपलं वाचलं बाई." आणि मग पदर तोंडाला लावून, "वहिनीचं सारं गेलं." दोन्ही एकाच श्वासात. मला पहिलंच ऐकू आलं.

७ डिसेंबर, शनिवार
उपास.
दादा पत्र्याचा डबा वाजवतो. डबा, थाळी, तोंडानं आरोळ्या. डुकरांना दोन दिवस वेगळं वाटलं, आता सवय झाली. वहिनी म्हणते, "वरातीले आल्यावानी येतेत, वाजा वाजून राह्यला म्हणून."
आज दादानं विचारलं, "तुही एकनळी दे न दोन दिवस. मले जमते ते."
मी म्हणालो, "लायसनवर तुझं नाव भरमारीपुरतं. एकनळीला हात लावला तर गुन्हा."
हे खरं आहे. खरं बोलताना आवाज किती स्वच्छ निघतो.
"मी काय घेऊन पयतो का बे?" असं म्हणून हसला. मग हसणं संपवून गेला.

९ डिसेंबर, सोमवार
सरकीची ढेप आणायला घाटंजी. हॉटेलात देशमुखांनी लांबूनच हात केला. "गजाननराव, जिंकलो! लोकसभेत बदल केला. एक नाही, दोन ठेवा म्हणे. माही एक जाईन, जाऊ द्या, तिला गंज लागला होता. तुमचं तं काहीच गेलं नाही!"
चहा सांगितला त्यांनी. मी पाणी प्यालो.
"चेहरा काहून उतरला? जमा करून बसले का काय?" आणि मोठ्यानं हसले. त्यांना खरं वाटत नव्हतं की असा कोणी असेल.

११ डिसेंबर, बुधवार
काल राज्यसभेतही झालं. पेपरात आतल्या पानावर चार बोटं बातमी. दादा नेमका आजच आला. कोणाकडून तरी ऐकून आला होता की बंदुकीचं काही आलं आहे.
"वाच बरं."
वाचलं. लायसन तीनऐवजी पाच वर्षांचं. बेकायदा बनवणाऱ्याला जन्मठेप. लग्नात, मिरवणुकीत हर्षानं गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षं कैद. मधली ओळ मी सोडली. डोळा तिच्यावरून गेला, जीभ नाही गेली.
दादा म्हणाला, "दोन काय म्हटलं?"
"दोन वर्षं. कैद."
"नाई, कोणी तरी म्हणे दोन बंदुका."
"दोन वर्षं," मी म्हणालो. बोट ठेवून दाखवलं. त्यानं माझ्या बोटाखाली पाहिलं. बोट बरोबर शब्दावर होतं, 'दोन' वर.
तो म्हणाला, "लोकं काय बी सांगतेत." पेपर घडी करून माझ्या हातात दिला.

१४ डिसेंबर, शनिवार
सकाळी दहाच्या सुमारास. ऊन चांगलं होतं. वहिनी आणि दोघी बाया कापूस वेचत होत्या, दादाच्या वावरात, तुरीच्या ओळीला लागून. एकटं डुक्कर, नर, तुरीत निजून होतं. दिवसा. रोज पोटभर मिळायला लागल्यापासून ती जंगलात परत जात नाहीत.
ओरडा ऐकून मी धुरा ओलांडून गेलो. एकनळी झोपडीत होती, ती घ्यायचं सुचलं नाही. डुक्कर गेलं होतं. वहिनीची डावी मांडी गुडघ्यापासून वर उघडी झालेली. ओटीत वेचलेला कापूस होता, बायांनी तोच भराभर काढून जखमेत दाबला. पांढरा घालायच्या, लाल व्हायचा, दुसरा घालायच्या.
जीपमध्ये डोकं माझ्या मांडीवर. शुद्धीत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "आज शनिवार न? तुहा उपास. काही खाल्लं का?"
मी सहा वर्षांचा असताना ती आमच्या घरात नव्हती. बाराचा असताना आली. तेव्हापासून माझ्या शनिवारचं तीच पाहायची, सुमन येईपर्यंत. सुमन आल्यावरही विचारायचं सोडलं नाही.
घाटंजीहून यवतमाळला पाठवलं. तिथे मोठ्या दवाखान्यात बाकड्यावर मी आणि दादा. मग त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.
"तू मनाले लावून घेऊ नको. तुहं काय चुकलं? कायदाच तसा."

१८ डिसेंबर, बुधवार
जखमेत पू. डॉक्टर म्हणतात पाय वाचेल, चाल पूर्वीसारखी नाही. शिरा तुटल्या आहेत.
वहिनी सगळ्यांना एकच गोष्ट सांगते, की डुकराचे डोळे बारीक होते आणि त्याला तिचा काही राग नव्हता. "येडं होतं बिचारं. मी त्याच्या बिछान्यात गेल्ती."
दादाचा कापूस झाडावर. माझ्याकडची बाई म्हणाली, त्या वावरात आम्ही येत नाही. मी वेचायला गेलो. दिवसभर वेचला. त्यानं काही होत नाही. बरं वाटेल म्हणून गेलो होतो, आणि थोडं वाटलंही. तेच वाईट.
माळ हातात घेतली. नाव तोंडात आलं की पुढे 'हो, कायदाच' येतं.

२१ डिसेंबर, शनिवार
उपास मोडला. मुद्दाम नाही. दवाखान्याच्या दारात पोहे खाल्ल्यावर लक्षात आलं.
परत येताना ठाण्यात उतरलो. हवालदार तोच. "अर्ज तसाच आहे तुमचा. पावतीच नाही आणली तर पाठवू काय? आता तं दोन ठेवता येते काका. पावती आणा, अर्ज फाडा, बंदूक घेऊन जा. मी म्हटलं नव्हतं?"
खिडकीतून फळी दिसत होती. चार-पाच उभ्या. आपली लगेच ओळखू आली. दादानं दस्त्याला तांब्याची तार गुंडाळली आहे, तडा गेला तेव्हा.
म्हणजे काही वितळलं नाही. सगळं जसंच्या तसं आहे. फक्त पावती दादाच्या देव्हाऱ्यात आहे आणि ती मागायची तर कशाला ते सांगावं लागेल.

२४ डिसेंबर, मंगळवार
दादा यवतमाळला असेल असं धरून त्याच्या घरी गेलो. मागू नये, काढून घ्यावी, असं मनात. चोरी म्हणतात तिला. म्हणालो, माझ्याच नावाची पावती आहे, चोरी कसली. नागरिकशास्त्र.
देव्हाऱ्यापाशी गेलो, चपला बाहेर काढल्या होत्या. मारुतीच्या तसबिरीमागे हात घातला. मागून आवाज, "काय पायतं गजा?"
दादा मोरीतून आला. दाढी केलेली, एका गालाला साबण.
हात तसबिरीमागेच. काढायलाही उशीर झाला होता आणि ठेवायलाही.
त्यानंच पुढे येऊन पावती काढली. कुंकू वाळून तपकिरी झालं आहे. एका बाजूनं पाहिली, दुसऱ्या बाजूनं पाहिली. सरळ की उलटी हे त्याला कुंकवावरून कळतं.
"हेच न? मी बी काल तेच पायत होतो. ते तं गेली, वितयली. हा कागद कायले ठेवू घरात? तुही वहिनी येईन आता, तिच्या डोयापुढं नको."
माझ्या हातात दिली.
"पण फाडजो नको हां. पूजेचा हाय. नदीत सोडून दे. तुह्या हातानं सोड, तुहा हात देवाधर्माचा."

२६ डिसेंबर, गुरुवार
पावती शर्टाच्या खिशात. कालही होती. शर्ट धुवायला टाकायचा म्हणून सुमन मागत होती, दिला नाही.
नंबर अर्धा फिसकटला आहे, तरी वाचता येतो. मला येतो.
पाण्यात सोडली तर एवढंच होईल की ठाण्यात एक पाइप फळीवर पडून राहील. दादाला कधी कळणार नाही. लिंबाखाली उभा होता तसा तो मला तिथेच उभा दिसेल, धोतर पसरून, एवढंच. आणि ठाण्यात नेली तर बंदूक घेऊन त्याच्या अंगणात मला उभं राहावं लागेल, आणि तो विचारेल, वितळली नव्हती का? तो रागानं विचारणार नाही. आनंदानं विचारेल. पहिला एक क्षण त्याला आनंदच होईल.
त्या क्षणानंतरचं मला लिहिता येत नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार
आज वहिनीला घरी आणलं. खाटेवर चौघांनी उचलून आत घेतलं. सुमननं ओवाळलं. वहिनी म्हणाली, "मी काय लढाईहून आली का वं?"
दुपारी दादाकडे हरभरा पाहायला गेलो. आता पाहण्यासारखं काही नाही. धुऱ्यावर दोघं बसलो. त्यानं तंबाखू मळली, मी खात नाही हे त्याला माहीत आहे, तरी हात पुढे करतो.
"सोडला का कागद?"
"नाही. पाणी कमी आहे. काठालाच अडकेल."
"मंग पुलाखाली जा न. तिथं धार असते." तंबाखू तोंडात टाकून, "उद्या जाजो. शनिवार हाय, मारुतीचा वार. चांगला."
मी बरं म्हणालो.
उद्या सकाळी सातची एसटी घाटंजीला जाते. पुलावरूनच जाते.